हातात कॅमेरा आला, आता पुढे काय? हौशी फोटोग्राफरच्या पहिल्या वर्षासाठी आठ पायऱ्या

पहिल्या वर्षी मी अकरा हजारांवर फोटो काढले. वर्ष संपताना आई म्हणाली, "माझा एखादा बरा फोटो दे गं, भिंतीवर लावायचाय." तीन रात्री शोधलं, पण एक धड फोटो सापडेना. फुलांचे सातशे होते आणि सूर्यास्तांची तर मोजदादच नव्हती. आईचे जे होते ते हललेले, डोळे मिटलेले किंवा मागच्या खिडकीमुळे चेहरा काळवंडलेला.

नोकरी-घर सांभाळून, मिळेल त्या वेळात फोटो काढणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ज्यांना यातून व्यवसाय करायचा आहे त्यांना इथे फारसं काही सापडणार नाही. बाकीच्यांनी क्रमाने वाचावं, निदान पहिल्या दोन पायऱ्या तरी गाळू नयेत.

सुरुवातीला काय जवळ हवं

- कॅमेरा किंवा बऱ्यापैकी मोबाइल. जो आहे तो.
- लेन्स बदलता येत असेल तर एकच, एफ/१.८ पर्यंत उघडणारी (या आकड्याचा अर्थ पायरी १ मध्ये), ३५ किंवा ५० मिमीची. झूमची घाई नको.
- दोन मेमरी कार्डं. एक मोठं घेण्यापेक्षा दोन मध्यम बरी.
- एक जादा बॅटरी.
- लेन्स पुसायचं मऊ कापड आणि धूळ उडवायचा रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात.
- दोन हार्ड डिस्क.
- कॅमेऱ्याचं बिल आणि सीरियल नंबर, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये. चोरी झाली, विम्याचा दावा करायचा झाला किंवा सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याने विचारलं, तर हेच कामाला येतं.
- कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका पीडीएफ स्वरूपात. कुणी वाचत नाही, पण अडल्यावर तीच तारते.
- एक छोटी वही.

ट्रायपॉड यादीत मुद्दामच नाही. पहिल्या वर्षी तो कपाटावर धूळ खातो. माझा अजून तिथेच आहे.

पायरी १: तीन आकडे

फोटो म्हणजे उजेडाचा हिशोब. लेन्समधलं छिद्र किती मोठं ते ॲपर्चर, ते किती वेळ उजेड आत सोडतं तो शटर स्पीड, आणि आत आलेला संकेत कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आयएसओ.

ॲपर्चरचे आकडे उलटे चालतात आणि नवख्याला पहिली ठेच तिथेच लागते. एफ/२ म्हणजे मोठं छिद्र, एफ/१६ म्हणजे बारीक. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीत एक घर पुढे सरकलात की उजेड निम्मा होतो. ही ओळ पाढ्यासारखी पाठ करा. सरावासाठी एक जुना ठोकताळा आहे: लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवलं, तर शटर स्पीड साधारण आयएसओइतकाच येतो. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडमापक, न बघता एकदा असा फोटो काढा. बरोबर आला की या आकड्यांची भीती मोडते.

शटर स्पीड समजायला मला १८३८ सालचा एक फोटो उपयोगी पडला. लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो वरच्या मजल्यावरून घेतला. रस्ता वाहता असणार, पण प्लेटवर काही मिनिटं उजेड पडत राहिल्याने चालती माणसं आणि गाड्या पुसल्या गेल्या. कोपऱ्यात उरला तो एकजण, बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला. हललं ते गेलं, थांबलं ते उरलं. आज मिनिटांऐवजी सेकंदाचे अंश मोजायचे, एवढाच फरक. बसलेल्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या मुलाला १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा. तुमचा हातही हलतो हे विसरू नका. ५० मिमीच्या लेन्सला निदान १/५० आणि २०० मिमीला निदान १/२०० हवा.

माझं ऐकाल तर पहिले सहा महिने ॲपर्चर प्रायॉरिटीवर काढा, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्याने. आयएसओ ऑटोवर, त्याची वरची मर्यादा ६४००, आणि शटर १/१२५ पेक्षा खाली जाऊ नये अशी अट मेनूतून घाला. "पूर्ण मॅन्युअलवर काढतो तोच खरा फोटोग्राफर" असं सांगणारे भेटतीलच. मान डोलवा आणि पुढे चला.

मोबाइलवाल्यांना बहुधा ॲपर्चर बदलता येत नाही. पण पडद्यावर बोट टेकवून फोकस धरता येतो आणि बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. ही एक खुबी निम्मं काम करते.

पायरी २: कॅमेरा एकदाच नीट लावून ठेवा

१. तारीख आणि वेळ. कंटाळवाणं वाटेल, पण पाच वर्षांनी फोटो शोधताना हाच धागा हाती लागतो.

२. रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपीईजी (नेहमीचा तयार फोटो) दोन्ही साठवा. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आज रॉ उघडता येत नसेल तरी साठवा, पुढे येईल.

३. हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा. फोटोचा जो भाग पांढरा फटक होऊन गेला तो पडद्यावर लुकलुकतो.

४. बीप बंद. कायमचा.

५. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, तेही फोटो दोन ठिकाणी उतरल्याची खात्री झाल्यावर. चुकून काही पुसलं गेलं तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. जुना डेटा तसाच पडलेला असतो, नवीन फोटो त्यावर चढेपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने तो बरेचदा परत मिळतो.

आणि घराबाहेर पडताना आयएसओ बघा. एका रात्री मी तो ६४०० वर अडकवून ठेवला आणि सकाळी तसाच राहिला. दवाने भिजलेल्या कळ्यांचे दीडशे फोटो रव्यासारखे दाणेदार आले. दव नंतरही पडलं, पण त्या कळ्या उमलून गेल्या होत्या.

पायरी ३: वसंतात एकच झाड धरा

उत्तर गोलार्धात मार्च ते मे, दक्षिणेत सप्टेंबर ते नोव्हेंबर. पण कॅलेंडरवर जाऊ नका, तुमच्या झाडाकडे बघा. रोजच्या वाटेवरचं एक झाड निवडा, त्याची एक फांदी ठरवा आणि दोन-तीन दिवसांआड त्याच जागी उभं राहून फोटो काढा. माझी फांदी डोळ्यांच्या उंचीवर होती. पहिल्या दिवशी साल फुगल्यासारखी दिसली, बस. चौथ्या दिवशी फुगवट्याच्या टोकाला तांबूस चीर पडली. आठव्या दिवशी त्या चिरेतून पान बाहेर आलं, ते घडी घातलेलं, चुरगळलेलं, कडेला बारीक लव असलेलं. दोन आठवड्यांत ते सपाट, हिरवं, चारचौघांसारखं झालं. सातशे फुलांनी मला जे शिकवलं नाही ते या एका पानाने शिकवलं.

आता तांत्रिक भाग. पांढऱ्या फुलोऱ्याचे फोटो मळकट का येतात? कारण कॅमेऱ्याच्या मीटरला फुलं कळत नाहीत. समोर जे येईल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो. फ्रेम पांढऱ्याने भरली की तो घाबरून उजेड कमी करतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, +०.७ ते +१ करा. काळ्याभोर खोडाला उलट, -०.७. गडद लाल आणि पिवळ्या फुलांची तऱ्हा वेगळी. तिथे एकच रंग ओसंडून जातो आणि पाकळीवरच्या शिरा नाहीशा होऊन रंगाचा नुसता थापा दिसतो. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसत असला तरी लाल, हिरवा, निळा असा तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघा आणि थोडं अंधारं काढा.

ढगाळ दिवशी घरी बसू नका, फुलांना तोच उजेड मानवतो. ऊन असेल तर सूर्य पाकळीच्या मागे येईल असे उभे राहा. कोवळं पान उन्हाला धरल्यावर आतून दिवा लावल्यासारखं दिसतं. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात, कपडे मळतात.

जवळून काढताना एफ/१.८ चा मोह आवरा. एवढं मोठं छिद्र ठेवून फुलाच्या इतक्या जवळ गेल्यावर केसराचं टोक स्पष्ट आणि पाकळी धूसर, अशी गत होते. एफ/८ पासून सुरू करा. वारा असेल तर शटर १/५०० आणि थोडा धीर, कारण झुळकीनंतर फांदी क्षणभर थांबतेच. बॅकग्राउंडला काही खटकत असेल तर स्वतः वीतभर सरका. फांदी वाकवू नका, मोडू तर मुळीच नका, आणि फोटोसाठी वाफ्यात पाय घालू नका. लेन्स बदलायची वेळ आलीच तर कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. या दिवसांत हवेत पराग असतात आणि सेन्सरवर बसलेला कण पुढे महिनाभर प्रत्येक आभाळात ठिपका होऊन दिसतो.

पायरी ४: प्रवासाला निघताना

इथे कमी सांगते, कारण प्रवासात चुकतं ते जास्त न्यायच्या हौसेपायी. एक कॅमेरा, एक लेन्स.

- विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, मोठ्या सामानात चालत नाहीत. नेहमीची मर्यादा १०० वॉट-तास आहे आणि कॅमेऱ्याची बॅटरी त्याच्या पुष्कळ खाली असते. टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावा.
- फिल्म वापरत असाल तर रोल हातातच ठेवा आणि तपासणीला हाताने बघायची विनंती करा. सामान तपासायच्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकटते.
- टाइम झोन बदलला की कॅमेऱ्याचं घड्याळ बदला. मी विसरले होते. आठ दिवस सगळे सूर्योदय मध्यरात्रीचे म्हणून नोंदले गेले.
- थंड खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं.
- रोज रात्री झोपण्याआधी कार्ड दुसरीकडे उतरवा.

प्रसिद्ध जागेचा फोटो जरूर काढा, पण तुमच्याआधी लाखोंनी तो काढलेला आहे. खोलीची किल्ली, खिडकीतून दिसणारी भिंत, बाकावर झोपी गेलेला सोबती, हे फक्त तुमच्याकडेच असेल.

पायरी ५: प्रार्थनास्थळात

इथे मी सगळ्यात जास्त चुकले, म्हणून थोडं सविस्तर. धर्म कुठलाही असो, पुढचं सगळीकडे लागू आहे.

पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढूच नका. उजेड कुठून येतो, माणसं कुठे थांबतात, कुठल्या वेळी गर्दी ओसरते, हे नुसतं बघा. मग परवानगी विचारा, तीही पाटी वाचून नव्हे तर तिथल्या जबाबदार माणसाला भेटून. ट्रायपॉड लावायचा असेल किंवा फोटो कुठे छापायचे असतील तर लेखी परवानगी घ्या. आणि एक फरक ध्यानात ठेवा: वास्तूची परवानगी म्हणजे तिथे डोळे मिटून बसलेल्या माणसाची परवानगी नव्हे.

फ्लॅश बंद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण फोकससाठी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एक छोटा दिवा पेटतो, तो बंद करायचा राहतो. अंधाऱ्या गाभाऱ्यात तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मेनूत एएफ असिस्ट शोधा आणि बंद करा. पडद्याची चमक कमी करा. शटरचा आवाज बंद करायला सायलेंट मोड बरा, पण त्यात एक खोच आहे. विजेच्या पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असते तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण सायलेंट मोडमधला इलेक्ट्रॉनिक शटर फोटोवर आडवे काळे पट्टे ओढून ठेवतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०.

उजेड कमी असतो, तेव्हा एफ/१.८ किंवा २, शटर १/५० आणि आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा. खांबाला पाठ टेका, कोपर अंगाशी धरा, श्वास सोडून बटण दाबा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. उंच खिडकीतून कवडसा येत असेल तर कवडशाच्या उजेडाचं माप घ्या आणि बाकीचं अंधारात जाऊ द्या. सगळं उजळ दिसावं म्हणून नंतर सावल्या उपसल्या की तिथली शांतताच जाते.

रंगांचंही तेच. ज्योतीच्या उजेडाचं रंगतापमान (आकडा कमी तितका उजेड पिवळसर) १,९०० केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचं ५,५०० च्या आसपास. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग बदलणारी सोय, ज्योतीचा सोनेरीपणा धुऊन टाकायला बघतो. तेव्हा तो डेलाइटवर ठेवा.

काय काढावं? झिजून मध्ये खोलगट झालेली पायरी. हजारो तळव्यांनी गुळगुळीत झालेली उंबऱ्याजवळची कड. रिकामी बसकण. माणसं पाठमोरी काढता आली तर बघा.

एकदा एक आजोबा अगदी स्तब्ध बसले होते, चेहऱ्यावर खिडकीतला उजेड होता. मी सायलेंट मोड लावायला विसरले. खट्ट आवाज झाला, त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. फोटो छान आला होता. तो मी कुणालाही दाखवलेला नाही.

पायरी ६: घरची माणसं

परक्या गावातल्या अनोळखी माणसाचा फोटो सोपा. घरच्यांचा अवघड, कारण ते ऐकत नाहीत.

खिडकी हाच तुमचा स्टुडिओ. खोलीतले दिवे घालवा, नाहीतर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा येतो. माणसाला खिडकीकडे तोंड करून, जरा तिरपं बसवा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा, माझ्या आईच्या फोटोंसारखा. फोकस जवळच्या डोळ्यावर. फार जवळ जाऊन वाइड लेन्सने काढू नका, नाक मोठं दिसतं आणि मग तो माणूस पुन्हा फोटो काढू देत नाही. दोन पावलं मागे घ्या. घोळक्याला एफ/५.६ किंवा ८ ठेवा आणि सलग चार-पाच फोटो घ्या, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतात. लहान मुलांसाठी जमिनीवर बसा, फोकस कंटिन्युअसवर ठेवा (तो हलत्या मुलामागे सरकत राहतो) आणि त्यांना "इकडे बघ" म्हणणं सोडा.

आईचा फोटो शेवटी कसा मिळाला ते सांगते. कॅमेरा मी जेवणाच्या टेबलावरच ठेवायला लागले, उघडा, लेन्सला झाकण न लावता. पहिला आठवडा ती पदर सावरून बसायची. दुसऱ्या आठवड्यात "पुरे झालं" म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात तिने लक्ष देणं सोडलं. एका दुपारी ती खिडकीशी सुईत दोरा ओवत होती. चष्मा कपाळावर, एक डोळा बारीक केलेला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून पुन्हा सुईशी आणलेलं. एफ/२.८, १/२५०. चार फोटो घेतले. तिसऱ्यात दोरा सुईच्या नेढ्यातून नुकताच पलीकडे निघालाय आणि ती स्वतःशीच हसतेय.

शिवाय तुम्हीही फोटोत या. दहा सेकंदांचा टायमर त्यासाठीच आहे. काढणाऱ्याचा फोटो कुणाकडेच नसतो. मुलांचे फोटो कुठे टाकण्याआधी फाइलमधली जागेची नोंद काढून टाका आणि मोठ्या मुलांना आधी विचारा.

पायरी ७: निवड

१८८८ साली आलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात १०० फोटोंचा रोल भरून मिळायचा. संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. पुढे ३५ मिमीच्या रोलमध्ये नेहमीचे ३६ आले. आपल्याला अडवणारं कुणीच नाही, म्हणून स्वतःला अडवा: फेरफटक्याला ३६, त्यापुढे नाही.

त्याच दिवशी फक्त हललेले आणि अंगठा आलेले फोटो पुसा. खरी निवड दोन आठवड्यांनी. ताज्या फोटोवर आपला जीव असतो, नजर नसते. एका प्रसंगाचे जास्तीत जास्त पाच ठेवा. दोन सारखे दिसत असतील तर एक गेलाच पाहिजे, कुठला ते महत्त्वाचं नाही. माझ्या अकरा हजारांतून शेवटी ६२ उरले.

पायरी ८: जपणं आणि छापणं

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि पुढे प्रसंग. म्हणजे संगणक आपोआप कालक्रमाने लावतो. मेसेजवरून पाठवलेला फोटो म्हणजे मूळ प्रत नव्हे. बरीच ॲप तो दाबून लहान करतात आणि तारखेसकट सगळी नोंद गाळतात. जेपीईजी वारंवार उघडून, बदलून, पुन्हा सेव्ह करू नका, प्रत्येक वेळी थोडं काही निसटतं.

आणि छापा. ४ × ६ इंची छपाईला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, १,२०० × १,८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम २२ लाख. दहा वर्षं जुन्या मोबाइलचा फोटोही सहज चालतो. छापून आले की त्याच आठवड्यात मागे नाव, तारीख आणि जागा लिहा. "मी" किंवा "बाबा" असं लिहू नका, पूर्ण नाव लिहा. तो फोटो पुढे कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. लिहिताना फोटो कडक, सपाट जागेवर पालथा ठेवा, कडेला लिहा आणि जोर देऊ नका, नाहीतर पुढच्या बाजूला अक्षरं उठतात. शाई पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक रचू नका. आईच्या फोटोवर मी घाई केली होती. तिच्या खिडकीच्या काचेवर आता माझ्याच अक्षरातला उलटा "मार्च" उमटलेला आहे.